फुल्यांचा फोटो भिंतीवर, असूड कुलपात



मागच्या बैठकीत एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, "कापसाच्या भावाचं बोला. ही विचारवंतांची नावं आम्हाला कशाला सांगता? ते कॉलेजातल्या लोकांचं काम." टाळ्या पडल्या. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र ते बोलणे डोक्यातून जाईना. पोरगा बी.ए. झालेला, घरी सहा एकर कोरडवाहू, चार वर्षे भरतीच्या परीक्षा देऊन परत आलेला. त्याला वाटते, विचार म्हणजे पोट भरलेल्यांची चैन.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. विचारवंत तुमच्या मानगुटीवर आधीच बसलेला आहे, फक्त तो तुम्हाला दिसत नाही. गावात एखाद्याने आत्महत्या केली की पारावर काय बोलणे निघते? लग्नात फार उधळले, दारू होती, आळशीच होता, शेती करायची अक्कल नव्हती. हे कोण बोलतो? आपणच बोलतो. आपल्या तोंडात हे कोणी घातले? शेतकरी गरीब आहे कारण तो अडाणी आहे, हेही एक समाजाचे तत्त्वज्ञान आहे. ते शेतकऱ्याने लिहिलेले नाही, पण ते पाठ मात्र शेतकऱ्यालाच झाले आहे. ज्याच्याजवळ स्वतःचा विचार नसतो त्याच्या डोक्यात दुसऱ्याचा विचार फुकट राहायला येतो आणि भाडेही देत नाही.

म्हणून या अंकात भाव बाजूला ठेवून थोडे विचारांचे बोलणार आहोत. शेवटी ते भावापाशीच येते, ते तुम्ही बघालच.

सुरुवात जोतीरावांपासून. ११ एप्रिलला जालना जिल्ह्यात फुल्यांच्या फोटोला हार पडत नाही असे सरकारी कार्यालय नाही. हार घालणाऱ्या साहेबाला आणि हार आणणाऱ्या पुढाऱ्याला एकदा विचारून पाहा, 'शेतकऱ्याचा असूड' वाचला का? आम्ही विचारले आहे. उत्तर लिहिण्यासारखे नाही.

असूड लिहून झाला १८८३ साली. त्याच्या आधीची वीस वर्षे आठवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला, पण सरकारने ठरवलेला सारा आणि सावकाराचे व्याज कोसळले नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतपत्रांची होळी केली. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. हे सगळे फुल्यांनी डोळ्यांनी पाहिले. ते नुसते पुस्तकी गृहस्थ नव्हते. माळ्याच्या घरचे, स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे, दगडचुन्याचा आणि मजुरीचा हिशेब जाणणारे. असूडातले लिखाण त्यांनी छापून होण्याआधी गावोगाव सभांत वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते वाचून घेतले. म्हणजे असूड हे ऐकायचे पुस्तक आहे. आपल्यासारख्यांच्या बैठकीत वाचायला लिहिलेले.

त्यात काय आहे? शेतकऱ्याच्या घरात मूल पोटात असल्यापासून माणूस मसणात जाईपर्यंत कोण कोण येऊन काय काय नेतो, त्याची एकेक नोंद आहे. गोरा अंमलदार ऐषआरामात दंग आणि कचेरीतला काळा कामदार कुळकर्ण्याशी संगनमत करून रयतेला कसा नाडतो, ते आहे. जंगलखाते गायरान कसे खाते, पाटबंधाऱ्याचे खाते पाणी देवो न देवो पट्टी कशी वसूल करते, ते आहे. आणि शेवटी उपायही आहेत. पलटणी आणि पोलीस रिकामे बसवू नका, त्यांच्याकडून ताली बांधून घ्या, पावसाचे पाणी शेतात मुरू द्या. पाणाड्यांकडून गावोगावच्या जमिनी तपासून घ्या आणि पाणी दाखवील त्याला बक्षीस द्या. सव्वाशे वर्षांनंतर आपल्याकडे पाणलोटाच्या योजनांचे बोर्ड लागले तेव्हा कोणाला हे आठवले नाही.

१८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभाही हाच. सरकारच्या तिजोरीतला पैसा मुख्यतः रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. रयतेचे पोर मात्र शाळेच्या बाहेर. हा समाजाच्या अभ्यासाचा पहिला प्रश्न आहे, आणि तो फुल्यांनी रोखठोक विचारला: पिकवतो कोण, आणि त्यातले उरलेसुरले नेतो कोण? बाकी सगळे विचारवंत या एका तराजूत घालून पाहा. मोठमोठी पारडी हलकी होतात.

फुल्यांचेही सगळे आम्ही डोळे मिटून घेत नाही. त्यांना लुटणारा हात भटशाहीचा आणि त्याच्या आडून सरकारचा दिसला, कारण त्या काळी कचेरीत तोच हात होता. आज त्या कचेरीत कोण आहे? साखर कारखान्यात, बाजार समितीत, जिल्हा बँकेत, विधानसभेत कोण आहे? आपलीच माणसे, आपल्याच आडनावाची. खुर्चीवरचा माणूस बदलला, खुर्ची बदलली नाही. म्हणजे लूट करणारी एक जात नसते, एक व्यवस्था असते. त्या व्यवस्थेत जो चढतो तो आपला राहत नाही. हे शरद जोशींनी आपल्याला १९८० पासून समजावून सांगितले. ते इंडिया आणि भारत म्हणाले तेव्हा त्यांनी शहर आणि खेडे असा भेद केला नव्हता. भारतात राहून इंडियाची दलाली करणारा असतो, आणि झोपडपट्टीत राहणारा भारताचा निर्वासित असतो, हे त्यांनी शंभरदा सांगितले.

आता फुल्यांच्या असूडातली एक गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण ती आजच्या जालना जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. शेतकरी कोण, हे सांगताना फुले म्हणतात की शेतकऱ्यांचे तीन भेद आहेत. नुसती शेती करतात ते कुणबी झाले, शेती सांभाळून बागाईत करतात ते माळी झाले, आणि दोन्ही करून शेळ्यामेंढ्यांचे कळप बाळगतात ते धनगर झाले. कामावरून पडलेली ही नावे, मुळात लोक एकच. आता जाती वेगळ्या मानतात, बेटीव्यवहार करत नाहीत, पण रोटीव्यवहार चालतो.

कुणबी, माळी, धनगर. अंबड तालुक्यातल्या वाचकाच्या अंगावर हे वाचताना काटा यायला हवा. २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आंतरवाली सराटीच्या मांडवाने सगळा महाराष्ट्र हलवला. जून २०२४ मध्ये शेजारच्याच वडीगोद्रीत दुसरा मांडव पडला. एका मांडवात कुणब्याचा दाखला मागणारे, दुसऱ्या मांडवात तो दाखला देऊ नका म्हणणारे. दोन्ही मांडवांत बसलेल्यांच्या बापांचा कापूस एकाच जिनिंगवर जातो, एकाच काट्यावर मोजला जातो, आणि घटही सारखीच कापली जाते. काट्याला जात दिसत नाही. त्यानंतरच्या वर्षात मात्र एकमेकांच्या दुकानातून किराणा घ्यायचा की नाही, इथपर्यंत गावे आली. फुल्यांच्या काळात जो रोटीव्यवहार शाबूत होता तो आपण मोडायला निघालो, आणि फुल्यांचा फोटो दोन्ही मांडवांत!

आमच्यावर रागावू नका. आरक्षण मागणे चूक, असे आम्ही म्हणत नाही. आहे ते आरक्षण राखणे चूक, असेही म्हणत नाही. तो वाद कायद्याचा आहे आणि कोर्टात चालू राहील. आमचा प्रश्न वेगळा आहे. पंधरा एकरांचा धनी आपल्या पोराला शिपायाच्या नोकरीसाठी दाखला मिळावा म्हणून उन्हातान्हात का बसतो? शेती परवडत असती तर बसला असता का? आणि मेंढरे विकून टाकलेला, कापूस लावून कर्जात बुडालेला शेजारी त्याच नोकरीसाठी जीव का काढतो? दोघांचे दुखणे एक आहे, औषध मागायला मात्र ते एकमेकांच्या अंगावरून चालले आहेत.

आता तारखा बघा, नीट लिहून घ्या. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. २८ ऑगस्टला ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले, म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन ऐन भरात येईपर्यंत परदेशी कापूस बिनशुल्क. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टला, मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण सुरू झाले. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, गावोगाव गुलाल उधळला गेला, आणि समोरच्या गल्लीत त्याच कागदाची होळी झाली. त्या पंधरा दिवसांत आयात शुल्कावर जालना जिल्ह्यात किती सभा झाल्या? कोणी ठरवून केले, असे आम्ही म्हणत नाही. ठरवायची गरजच नव्हती. आपणच दुसरीकडे पाहत होतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. व्यापाऱ्याने तुमच्या हातात काय ठेवले, ते तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. सरकारी केंद्रावर गेलात तर ओलावा आठ ते बारा टक्के मोजणारे यंत्र तुमची वाटच पाहत होते.

गिरणीला कापूस स्वस्त मिळाला पाहिजे, हा विचार कोठून आला? इथे थोडे परदेशात जावे लागेल.

कार्ल मार्क्सने १८५२ साली फ्रान्सच्या शेतकऱ्यांना पोत्यातल्या बटाट्यांची उपमा दिली. एका पोत्यात असतात पण एकमेकांना बांधलेले नसतात, असे त्याचे म्हणणे. वाईट वाटते, पण मांडवांची गोष्ट वाचल्यावर उपमा अगदीच चुकीची होती असे म्हणवत नाही. पुढे १८८१ साली, म्हणजे इकडे असूडाची तयारी चालली होती तेव्हा, एका रशियन बाईने त्याला पत्र लिहून विचारले की आमच्या खेड्यांनी मोडलेच पाहिजे का? व्हेरा झासुलिच तिचे नाव. मार्क्सने उत्तर दिले की मी जो मार्ग सांगितला तो पश्चिम युरोपापुरता आहे, तुमच्या खेड्यातून नवा समाज उभा राहू शकतो. हे उत्तर त्याच्या शिष्यांनी खिशात घातले. पहिले वाक्य तेवढे पाठ केले.

रशियात क्रांती झाल्यावर प्रश्न आला, कारखाने उभारायला भांडवल कोठून आणायचे? इंग्लंडने वसाहती लुटल्या, आपल्याला वसाहती नाहीत. प्रिओब्राझेन्स्की नावाच्या अर्थशास्त्र्याने १९२० नंतरच्या दशकात स्पष्ट लिहिले की ते शेतकऱ्याकडून काढावे लागेल, त्याच्या मालाला कमी आणि कारखान्याच्या मालाला जास्त किंमत ठेवून. बुखारिनने विरोध केला, शेतकऱ्याला श्रीमंत होऊ द्या म्हणाला. स्टालिनने दोघांनाही बाजूला सारले, १९२९ पासून जमिनी हिसकावल्या, धान्य बंदुकीच्या जोरावर उचलले. १९३२-३३ मध्ये युक्रेनसारख्या धान्याच्या कोठारात लाखो शेतकरी उपाशी मेले. पुढे बुखारिन आणि प्रिओब्राझेन्स्की दोघांनाही गोळ्या घातल्या. शेतकऱ्याला लुटायचा मंत्र सांगणाराही वाचला नाही, आणि लुटू नका म्हणणाराही.

आपल्याकडे बंदूक लागली नाही. कायद्याने भागले. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती आणि नववे परिशिष्ट, म्हणजे जमिनीचा कायदा कितीही अन्यायाचा असो, कोर्टाचे दार बंद. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा. कापसाला १९७२ पासून एकाधिकार खरेदी, म्हणजे आपला कापूस आपल्याच मर्जीने विकायची सोय नाही. घोषणा समाजवादाच्या होत्या. १९९१ नंतर घोषणा खुल्या बाजाराच्या झाल्या, पण कांद्याचा भाव वाढला की निर्यातबंदी आणि कापसाचा वाढला की आयात, ही सवय गेली नाही. आपण 'उणे सबसिडी' म्हणायचो तेव्हा शहरातले विद्वान हसायचे. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१८ साली हिशेब छापला: सन २००० ते २०१६ या काळात भारतातल्या धोरणांनी शेतकऱ्याला मदत होण्याऐवजी त्याच्या एकूण उत्पन्नात सरासरी १४ टक्के घट आली. विद्वानांचे हसू थांबले. धोरण थांबले नाही.

ज्वारीचे दोन शब्द. आपल्या शाळूला कोणी शत्रू म्हणून मारले नाही. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला आणि ज्वारी आपोआप ताटातून आणि शेतातून हटली. आता शहरातले लोक तिला तब्येतीचे अन्न म्हणून पुड्यांत विकत घेतात. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३६९९ रुपये. पुडीवरचा भाव तुम्हीच वाचा.

बाबासाहेबांकडे येऊ. १९१८ साली त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तेव्हा सगळे विद्वान म्हणत होते की तुकडे लहान म्हणून शेतकरी गरीब, तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर लावायला भांडवल, अवजारे किती आहेत यावर ठरते. शेतीवर नको इतकी माणसे रेटली गेली आहेत, ती कारखानदारीने उचलली पाहिजेत. शंभर वर्षांनी आपली भरतीच्या रांगेतली पोरे हेच सांगत आहेत. १९४७ च्या आपल्या मसुद्यात मात्र त्यांनी शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामुदायिक शेती करावी असे सुचवले. तिथे आम्ही त्यांच्याबरोबर नाही. रशियाचे वर लिहिले तेच आमचे कारण. पण त्यांनी ते का सुचवले? कारण गावातल्या महाराला जमीन नव्हती, आणि जमीनदार शेतकऱ्याच्या हातात न्याय मिळेल असा त्यांना भरवसा नव्हता. या 'का'ला उत्तर न देता त्यांचा उपाय खोडणे, ही आपली पळवाट आहे.

हे आम्हालाही लागू आहे. भाव मिळाला की मजुराला मजुरी मिळेल, असे आपण चाळीस वर्षे सांगतो. खरे आहे, पण अर्धे. ज्या वर्षी भाव मिळाला त्या वर्षी वेचणीचा दर किलोमागे आपण स्वतःहून किती वाढवला? आणि बायकांचे? आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. आपल्या जाफराबाद-भोकरदनच्या शिवेला लागलेला तो जिल्हा. पुरुषांनी तिच्यावर झोड उठवली तेव्हा पाठीशी उभे राहिले ते फुलेच. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखो शेतकरी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत कित्येक गावांनी बायकोच्या नावे जमीन लावली. आमच्यापैकी काहींनी भाषणे केली आणि सातबारा तसाच ठेवला. नावे छापत नाही. ज्याचे त्याला माहीत आहे.

पुढच्या तालुका बैठकीला दोन कामे ठेवली आहेत. पहिले, असूडाचे पहिले प्रकरण मोठ्याने वाचायचे. वाचणारा एक आंतरवालीच्या बाजूचा, एक वडीगोद्रीच्या बाजूचा, आळीपाळीने. भाषा जुनी आहे, अडेल तिथे थांबू. दुसरे, प्रत्येकाने मागच्या हंगामातल्या एका एकराचा हिशेब लिहून आणायचा: नांगरट, बियाणे, खत, फवारा, निंदणी, वेचणी, भाडे, घरच्या माणसांची मजुरी धरून, आणि शेवटी हातात आलेली रक्कम. घरच्या बाईची मजुरी विसरू नका, ती दरवर्षी विसरली जाते. वही नसेल तर बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर लिहून आणा.